बिरकतचा दुसरा डबा

ओमानला जायचं ठरलं बहिणीमुळे आणि नऊ वर्षं लांबलं माझ्यामुळे. नंदा मस्कतच्या अल् खुवैर भागात राहते. दर दिवाळीला फोनवर "दादा, ये रे एकदा" म्हणते, मी "बघू" म्हणतो, आणि दोघंही समाधानाने फोन ठेवतो. आमच्या घरात आमंत्रण पहिल्या झटक्यात स्वीकारणं हावरटपणाचं समजतात. लाडू हवा असेल तरी आधी "नको" म्हणायचं, मग "अहो नको, पोट भरलंय," आणि तिसऱ्यांदा आग्रह झाला की "बरं, अर्धाच" म्हणून अख्खा उचलायचा. मी पन्नाशी ओलांडली ती याच शिस्तीत.

२०१५ च्या फेब्रुवारीत मात्र मी स्वतःहून तिकीट काढलं. कारण ओकादासानची मेल आली: "मी महिनाअखेर ओमान सोडून जपानला परततो आहे, कायमचा. आपण भेटू शकू काय?"

ओकादासानबद्दल ('सान' म्हणजे जपानी 'राव') सांगायला हवं. ऐंशीच्या दशकात पुण्यात एका शास्त्रीबुवांकडे मी संस्कृत शिकायला जात असे. कॉलेजात संस्कृत घेतल्याबद्दल घरचे हळहळत होतेच, त्यात ही जादा शिकवणी. तिथे माझ्या शेजारच्या सतरंजीवर हा जपानी तरुण येऊन बसला. दोन वर्षं आम्ही एका पोथीत दोन डोकी घालून एक जुनं नाटक वाचलं. मी त्याला समास सोडवून द्यायचो, बदल्यात तो मला जपानी शिकवायचा. चौथा अंक संपला आणि त्याचे वडील आजारी पडल्याची तार आली. तो गेला, पाचवा अंक राहिला. पुढे त्याने अरबीही शिकून घेतली आणि एका जपानी कंपनीचा दुभाषा म्हणून अकरा वर्षं ओमानात काढली. मी वर्तमानपत्राचा वार्ताहर झालो आणि पालिकेच्या सभांमध्ये समास शोधत राहिलो.

तर प्रवास. मुंबईहून मस्कत अडीच-पावणेतीन तासांत येतं. पुण्याहून मुंबईचा विमानतळ गाठायला मला त्याहून जास्त वेळ लागला. व्हिसाचे कागद मेव्हण्यांनी आधीच करून ठेवले होते, तुम्हीही यजमानाच्या गळ्यात ते काम घाला. फेब्रुवारीत हवा पुण्याच्या डिसेंबरसारखी असते, एक पातळ स्वेटर पुरे. अल् खुवैर म्हणजे मंत्रालयं, कचेऱ्या आणि पांढऱ्या इमारती. फुटपाथ आहेत, त्यांवर माणसं नाहीत. मी कोपऱ्यावरून दूध आणायला पायी निघालो तर दोन गाड्या थांबल्या, "गाडी बंद पडली का?" म्हणून विचारायला.

बुधवारी संध्याकाळी ओकादासान आला. नंदाच्या इमारतीजवळच एक केरळी माणसाचं चहाचं दुकान आहे, तिथे बाहेरच्या खुर्च्यांवर बसलो. करक नावाचा दाट, वेलदोड्याचा चहा मिळतो, शंभर बैसा म्हणजे तेव्हाचे सोळा-सतरा रुपये. पंचवीसेक वर्षांनी पाहत होतो. केस पांढरे, पाठ अजून शास्त्रीबुवांपुढे बसल्यासारखी ताठ.

"देवधरसान, आपण जाड झालात," तो शुद्ध मराठीत म्हणाला.

"आपण तसेच राहिलात, हे आम्हाला खुपतं," मी म्हणालो.

तो हसला, आणि पिशवीतून एक वही काढली. तीच, आमच्या वाचनाची. उघडली आणि पान जवळजवळ नाकाला लावलं.

"डोळे?" मी विचारलं.

"होय. डॉक्टर म्हणतात, अक्षर अजून थोडे महिने. मग माणसे दिसतील, अक्षर दिसणार नाही." पावसाचा अंदाज सांगावा तसं सांगितलं. "शनिवारी सकाळी विमान आहे. मुलीकडे राहणार. तत्पूर्वी एक इच्छा होती."

निझवा या जुन्या किल्ल्याच्या शहराच्या वाटेवर बिरकत अल् मौज नावाचं गाव आहे, त्याने सांगितलं. डोंगरातून आणलेल्या पाण्याचा पाट, तिकडे त्याला फलज म्हणतात, केळी-खजुरांच्या बागेतून वाहतो. कंपनीच्या कामासाठी तो तिथे अनेकदा गेला होता. पहिल्या भेटीतच त्याला वाटलं होतं की नाटकातली ती बाग अशीच असणार. पाचवा अंक वाचायचा तर तिथेच बसून.

मग त्याने वही मिटली आणि जपानीत विचारलं, "किन्योबी नि, इश्शोनि इकिमासेन का?"

शब्दशः: शुक्रवारी, बरोबर येत नाही का? जपानीत सभ्य आमंत्रण असं नकार घालून करतात. हे मला त्यानेच सतरंजीवर शिकवलं होतं. "या" म्हटलं तर समोरच्यावर ओझं पडतं. "येत नाही का" म्हटलं की नकाराची वाट विचारणाऱ्यानेच उघडून ठेवलेली असते, समोरच्याला लाज न वाटता निघून जाता येतं. तेव्हा मी ऐटीत म्हटलं होतं की आमच्याकडेही स्वर फिरवून नकारातून होकार काढतात, त्याला काकु म्हणतात. त्यावर तो बराच वेळ विचार करून म्हणाला होता, "पण आपल्या आई आग्रह करतात तेव्हा वाट उघडी नसते. दारात लाडू असतो."

आता माझं काय झालं ते ऐका. जायचं होतंच, पुण्याहून त्यासाठीच तर आलो होतो. पण पहिल्या विचारण्याला "हो" म्हणायची जीभ माझ्या तोंडात नाही. शिवाय त्याला एवढ्या लांब माझ्यासाठी धावपळ, गाडी, पहाटे उठणं. एक "नको" म्हणणं भागच होतं. आणि तेवढ्यात मला आठवलं की हा "नको" जपानीत कसा म्हणतात तेही मला येतं. इतक्या वर्षांत एकदाही न वापरलेलं वाक्य डोक्यात लखलखलं. मान किंचित तिरकी केली, दातांतून हवा आत ओढली आणि म्हणालो,

"किन्योबी वा… चोत्तो…"

शुक्रवार म्हणजे… जरा… आणि वाक्य हवेत सोडून दिलं. नियमाप्रमाणे ते तसंच सोडायचं असतं. उच्चार निर्दोष होता. केरळी दुकानदारानेही वळून पाहिलं.

ओकादासान क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग डोकं लववून म्हणाला, "वाकारिमाशिता." समजलं. आणि मराठीत, "आपले जपानी फार उत्तम राहिले आहे." 

मी खूश. आता दुसऱ्यांदा विचारेल, मग मी "अहो, कशाला त्रास" म्हणेन, तिसऱ्यांदा विचारेल. त्याने शास्त्रीबुवांची चौकशी केली, ते गेल्याचं ऐकून हात जोडले, चहाचे पैसे माझ्याआधी दिले आणि निघाला. फोन करेल, मी म्हटलं.

गुरुवारी मेव्हण्यांचं खाबुऱ्याला काम होतं, मीही गाडीत बसलो. मस्कतहून वायव्येला किनाऱ्याने पावणेदोनशे किलोमीटर, रस्ता इतका गुळगुळीत की झोप आवरणं हेच चालवणाऱ्याचं कौशल्य. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला लिंबाच्या आणि खजुराच्या बागा. बाजारात एका कापडाच्या दुकानावर मेव्हण्यांचं काम होतं, मालक श्रीवर्धनकडचे, तीस वर्षं इथे.

"जेवून जायचं हां, पाव्हणं."

"नको नको, सकाळी भरपूर खाल्लंय."

"अवो, सुरमय हाय ताजी."

"नको हो, उगाच तुम्हाला…"

"ताट वाढलंय, बसा!"

बसलो. दोन तुकड्या, भात, सोलकढी. जगात सगळं सुरळीत चाललं आहे अशी माझी खात्री पटली ती त्या ताटावर. (खाबुऱ्याला गेलात तर मासळीबाजार सकाळी बघा, दुपारी फक्त मांजरं असतात.)

संध्याकाळी घरी आलो तेव्हा फोनवर काही नव्हतं. भाची ईशा इथल्या भारतीय शाळेत आठवीत. मराठी येतं, पण वाक्याच्या मध्येच तिला दम लागतो.

"मामा, तू सारखा फोन का बघतोस? कुणाचा… वेट करतोस?"

सांगितलं.

"मग तूच कॉल कर ना. सांग, मी येतोय."

"असं नसतं गं. त्यांनी विचारायचं असतं."

"पण त्यांनी विचारलं ना?"

"एकदाच."

"मग किती वेळा विचारतात?"

"तीनदा," नंदा स्वयंपाकघरातून म्हणाली. "आणि दादाला चारदा."

ईशाने खांदे उडवले. "सो वियर्ड." तिच्या मराठीवर मी त्या दिवशी दोनदा हसलो होतो. आता ती आठवण काढवत नाही.

शुक्रवारी पहाटे साडेचारला उठलो. अंघोळ केली, पाण्याची बाटली भरली, टोपी घेतली, बूट घातले आणि दिवाणखान्यात खुर्चीवर बसलो. माझ्या हिशेबाने तो पाचपर्यंत फोन करणार होता, "तरीही येत असाल तर" असं काहीतरी म्हणणार होता. पाच वाजले. साडेपाच. बाहेर अजान झाली, उजाडू लागलं. सहाला नंदा उठून आली.

"हे काय, बूट घालून बसलायस?"

"फिरून आलो," मी म्हणालो.

तिने माझ्या बुटांकडे पाहिलं, ते कोरडे आणि स्वच्छ होते, आणि पोहे भिजवायला गेली.

दुपारी मी फोन केला. बंद होता. शनिवारी सकाळी त्याचं विमान गेलं असणार त्या सुमारास मी मस्कतमधल्याच मत्रा भागात, बंदराकाठच्या रस्त्यावर उभा होतो. ते ठिकाण सुंदर आहे असं सगळे म्हणतात, तुम्ही जरूर बघा, माझं लक्ष नव्हतं.

दहाच्या सुमारास नंदाचा फोन. "खाली कोणी दाऊदभाई गाडी घेऊन आलेत. तुला निझव्याला न्यायला सांगितलंय म्हणतात." टॅक्सी करून घरी परतलो.

दाऊदभाई रत्नागिरीजवळचे, ओकादासानच्या कंपनीत ड्रायव्हर, साठीला आलेले, दाढी मेंदीने लाल. "ओकादासायेब जाता जाता बोल्ले, देवधरसायबांना निझवा दाखवून आन. कंपनीची गाडी हाय, पयशे देऊ नका. आज सकाळी विमानतळावं मीच सोडला त्यांना."

निझव्याला मस्कतहून दीडेक तास लागतो. शहर संपलं की दोन्ही बाजूंना तपकिरी, उघडे डोंगर, झाडाचं पान नाही. वाटेत शे-सव्वाशे किलोमीटर झाल्यावर दाऊदभाईंनी विचारलं, "सायेब, एक विचारू? काल तुमी येनार व्हतांव ना?"

"का?"

"मला वाटला तुमी येनार. सायबांनी दोन डबं घेतलं व्हतं. दोन बाटल्या. एक लहान गादी, बसायला, तुमचं गुडघं दुखत असतील म्हनून."

मी खिडकीची काच खाली केली.

"पाच वाजता तुमच्या बिल्डिंगच्या खाली गाडी थांबवाय सांगितली. इंजान बंद. मी बोल्लो, हार्न मारू? नाय बोल्ले. बोल्लो, वर जाऊन घंटी वाजवू? नाय बोल्ले. 'त्यांनी नीट सांगितले आहे,' बोल्ले. धा मिनटं बसलो. मग बोल्ले, यल्ला, चला."

दहा मिनिटं. पाच ते पाच-दहा. तिसऱ्या मजल्यावर मी बूट घालून बसलो होतो, आणि खिडकी माझ्या पाठीमागे होती.

बिरकत अल् मौजला गाडी उभी केली. तुम्ही निझव्याला जाणार असाल तर इथे तासभर तरी थांबा. वर मातीच्या पडक्या घरांचं जुनं गाव, खाली केळी आणि खजूर इतके दाट की डोंगरातून आल्यावर डोळ्यांना हिरवा रंग टोचतो. पाट वीतभर खोल, पाणी काचेसारखं, आवाज कुजबुजण्याइतका. दाऊदभाईंनी एक सपाट दगड दाखवला. "हितं बसलेलं."

नाटकातली बाग खरंच अशीच असणार. मी दगडावर बसलो, मग उठलो.

बागेचा म्हातारा मालक आम्हाला बघून आला. दाऊदभाईंशी अरबीत बोलला आणि आम्हाला चटईवर बसवलं. खजूर आले आणि कहवा, साखर नसलेली वेलदोड्याची कॉफी, बिनकानाच्या इवल्या कपात. एक झाला. म्हातारा किटली घेऊन पुन्हा पुढे आला. मी हात आडवा केला, नको. त्याने ओतली. प्यालो. पुन्हा आला. मी मान हलवली, "नको, पुरे," छातीवर हात ठेवला. त्याने ओतली.

"सायेब, कप हलवा," दाऊदभाई म्हणाले.

"म्हणजे?"

"बोटांत पकडा नि असा हलवा, डावा-उजवा. नाय हलवला तर तो ओतत ऱ्हायेल. तुमी तोंडानं काय बोल्ता त्याकडं हितं कोन बघत नाय."

मी कप हलवला. म्हाताऱ्याने लगेच तो घेतला, हसला, किटली खाली ठेवली. खलास. ना तीनदा विचारणं, ना वाक्य हवेत सोडणं. मनगट बोललं आणि संपलं.

म्हातारा दाऊदभाईंना काहीतरी म्हणाला.

"काय म्हणतात?"

"इचारतोय, कालचा जपानी कुठं गेला. बोल्तोय, त्यानं बी कप हलवला नाय. ह्यो ओतत ऱ्हायला, तो पीत ऱ्हायला. रस्त्याकडं बघत."

"आणि दुसरा डबा?"

"मला दिला सायबांनी. नऊ वाजल्यावर." दाऊदभाई पाटाकडे बघत होते. "भाताचं गोळं व्हतं, वर पानं गुंडाळलेली. मी खाल्लं. टाकनार कसं?"

निझव्याला गेलो. किल्ल्याचा गोल बुरूज बघा, वरून खजुरांचं सगळं रान दिसतं. बाजारात मातीची भांडी, चांदीचे खंजीर आणि हलवा. हलवा आधी चाखायला देतात, तिथेही "नको" म्हणू नका, चमचा पुढे आला की घ्या. गुरांचा बाजार बघायचा असेल तर तो शुक्रवारी पहाटे भरतो. मी शनिवारी गेलो होतो. मी कहव्याचे सहा कप घेतले, कागदात गुंडाळून.

अल् खुवैरला परतल्यावर गाडीतून उतरताना दाऊदभाईंनी डॅशबोर्डमधून एक पाकीट काढून दिलं. "हे शेवटी द्या बोल्ले. आधी दिलात तर निझवा बघनार नाय, बोल्ले."

वही होती. चिठ्ठी नव्हती.

पुण्यात येऊन दोन आठवडे झाले तरी मी ती उघडली नाही. मग एका सकाळी उघडली. चौथ्या अंकानंतरची पानं कोरी, पण शेवटच्या पानावर त्याच्या त्या काळच्या टोकदार देवनागरीत एक यादी होती, पुण्यात राहायला शिकताना केलेली. "रिक्षावाला: आधी मीटर." "शास्त्रीबुवा: प्रश्न एक, उत्तर दोन तास." आणि तिसरी ओळ, अधोरेखित: "मराठी घरी 'नको' = पुनः विचारा. तीन वेळा."

म्हणजे त्याला माहीत होतं. मी त्या चहाच्या दुकानात नुसतं "नको हो" म्हटलं असतं, आईच्या घरातलं साधं मराठी "नको", तर त्याने तीनदा विचारलं असतं, कदाचित शुक्रवारी पहाटे घंटीही वाजवली असती. मी त्याच्या भाषेत, त्याच्या रीतीने, त्याच्या शिकवलेल्या उच्चारात नकार दिला. त्याने तो त्याच्या रीतीने पाळला. बरोबर मान दिला, चुकीच्या माणसाला.

रविवारी मी जपानला फोन लावला. मुलीने घेतला, मग तो आला.

"ओकादासान, पुण्याला या," मी म्हणालो. मराठीत, साधं, नकार न घालता. "पाचवा अंक राहिलाय. मी वाचतो, तुम्ही ऐका."

पलीकडे हसल्याचा आवाज. "नको नको, देवधरसान. आपल्याला उगाच त्रास."

माझा जीव भांड्यात पडला. त्याने मराठीत "नको" म्हटलं होतं.

"त्रास कसला? आमच्या घरी राहा. दारात लाडू ठेवतो."

"नको हो," तो म्हणाला, आणि मनापासून हसत होता. "आता वय झाले."

दोन झाले होते. मी खुर्चीत पुढे सरकून बसलो, आणि तिसऱ्यांदा विचारलं.

"या ना. मी मुंबईला घ्यायला येतो. याच नोव्हेंबरात."

दातांतून हवा आत ओढल्याचा बारीक आवाज आला. इतक्या लांबूनही तो मी ओळखला.

"नोव्हेंबर वा…" तो म्हणाला, "चोत्तो…"

आणि वाक्य तिथेच राहिलं. या वेळी त्यापुढे खरंच काही नव्हतं.

मी म्हणालो, "वाकारिमाशिता." मग वही उघडली, पोथी शेजारी घेतली आणि त्याला विचारलंच नाही. पाचव्या अंकाची पहिली ओळ फोनवर मोठ्याने वाचायला सुरुवात केली.